पंगतीतले पाच स्टार

न्हावरे, ८ ऑक्टोबर २०२५

प्रगती,

फोन ब्लॉक, व्हॉट्सॲप ब्लॉक, इन्स्टा ब्लॉक. मेल तू उघडत नाहीस. राहता राहिलं पोस्ट. शिरूरच्या पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "नोकरीचा अर्ज का?" म्हटलं, हो. तसं ते अगदीच खोटं नाही.

पत्ता घालताना हसू आलं. प्रगती आरी वर्क, गोपाळवाडी रोड, दौंड. एवढ्यावर पोस्टमन तुझ्या दारात येईल. आणि ज्या कंपनीकडं अख्ख्या जगाचा नकाशा आहे तिला तुझं दुकान दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे तिनं ते काढून टाकलंय. आधी कामाचंच बोलतो, म्हणजे तू फाडणार असशील तरी कामाचं वाचून फाडशील. गुगलवरची तुझ्या दुकानाची नोंद सस्पेंड आहे. कारण म्हणे "धोरणाचं उल्लंघन". कुठलं धोरण, कुणी उल्लंघलं, काही नाही. मी अपील केलं. नामंजूर. परत केलं. शब्द न शब्द तेच उत्तर. कॉलेजात लॅबच्या सरांशी वाजलं तेव्हा निदान सर समोर उभे होते. ते म्हणाले बाहेर हो, मी जर्नल टेबलावर आपटलं आणि जो बाहेर पडलो तो कॉलेजातनंच पडलो. बरोबर का चूक ते सोड, पण भांडल्यासारखं तरी वाटलं. इथं भांडायला माणूसच नाही. भिंतीला शिव्या दिल्या तर भिंत तरी तिथंच राहते, ही उद्या वेगळ्याच जागी असते.

ऑफिसात तेच. दिवसभर शिरूरला बसून लोकांची दुकानं गुगलवर वर चढवायची, हे माझं पोट. ठिबकवाल्या बाळासोंचा रोज सकाळी फोन. "विश्वजीत, आज कितवा?" जसा काय माझा बारावीचा निकाल आहे. मागच्या महिन्यात गुगलनं आपलं गणित बदललं आणि बाळासो तिसऱ्यावरून एकदम दुसऱ्या पानावर गेले. मी काही केलं नव्हतं. त्यांनी काही केलं नव्हतं. तरी म्हणतात, "तू कायतरी हात लावला असशील. तुझा हात गरम हाय."

तर आता एकच वाट आहे. व्हिडिओ. सलग, न थांबवता काढायचा. आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग तुझी पाटी, मग तू स्वतः कुलूप काढून शटर वर करतेस ते, मग आत फ्रेम, मणी, मशीन, शेवटी लाइट बिल. म्हणजे त्यांना पटतं की दुकान खरं आहे आणि किल्ली तुझ्याच हातात आहे. तू काढ आणि मला पाठव, मी टाकतो. त्यासाठी ब्लॉक काढावा लागेल. तेवढ्यापुरता काढ. काम झालं की परत लाव.

तुळशीची लग्नं लागली की नवऱ्या मुली गावोगाव मोबाइलवर ब्लाउजावरचं आरी वर्क शोधायला लागतात. त्याच्या आत झालं पाहिजे. वर्षभराचं भाडं तू त्याच दिवसांत काढतेस, हे तूच सांगितलेलं.

पंगतीचं मी काही बोलत नाही. लोकांनी चांगलं लिहिलं, त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

विश्वजीत


न्हावरे, १३ ऑक्टोबर

प्रगती,

पत्र मिळालं का, हे विचारत नाही. मिळालंय. परवा मी दौंडला आलो होतो, तुझ्या आईनंच सांगितलं.

मला वाटलं, व्हिडिओ आपणच काढू. समोरच्या रसवंतीच्या बाजूला उभा राहिलो, फोन काढला, रस्ता घेतला, तुझी पाटी घेतली. पाटीवरचा मोर अजून तसाच आहे, चोचीपाशी रंग उडालेला. मग लक्षात आलं, पुढं शटर उघडायचंय आणि ते आधीच उघडं आहे आणि आत तू आहेस. तू मान खाली घालून सुई चालवत होतीस. मी फोन खाली घेतला नाही. घ्यायला पाहिजे होता.

मागनं आवाज आला. "काय रं, दुकानावर फोन कशाला रोखलाय? कुणाचा तू?"

गिताबाई, तुझी आई. हातात कोथिंबिरीची जुडी. मी गडबडीत म्हणालो, "मावशी, मी गुगलचं काम बघतो."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "म्हंजी आमच्या पोरीला चारचौघांत वहिनी करणारा तूच व्हय?"

"ते मी नव्हतं लिहिलं, मावशी. माझ्या चुलतभावानं लिहिलं."

"मंग भावाला धाडायचा. तू कशाला आलास?" आणि पुढं, आवाज खाली करून, "तिच्या आप्पांना रेल्वेच्या क्यांटीनमंदी चार मान्सांनी फोनवर दाखवलं ते. दोन दिवस जेवला न्हाई मानूस. ती पत्रं-बित्रं बंद कर. आलं तवा तिनं वाचलं आन् मशीनच्या ड्रॉवरमंदी टाकलं, मी बघितलंय. जा आता. सहाची गाडी घावंल."

फाडलं नाहीस. हे एवढं घेऊन मी परत आलो.

आता टाळण्यात अर्थ नाही. तू चिडलीस ती सस्पेंड झाल्यामुळं नाही, हे मला माहीत होतं. पहिल्या पत्रात मी मुद्दाम त्या "वहिनी" शब्दाच्या कडेकडेनं गेलो.

पंगत कशी झाली ते तुला कुणी नीट सांगितलंच नसेल. माझ्या चुलतबहिणीच्या, शितलताईच्या पोराचं जावळ होतं. सगळी भावकी वाड्यावस्त्यांवरून जमलेली. मी थोरल्या चुलत्यांना, बापूसाहेबांना म्हटलं, तात्या, एका ओळखीच्या दुकानाला पाच-पाच स्टार मिळाले तर ते वर येतं. कुणाचं दुकान, ते सांगितलं नाही. तात्या दोनदा सरपंच झालेत. त्यांना एवढंच ऐकू आलं की मतदान आहे.

"हात्तिच्या, मतंच टाकायचीत ना?" म्हणाले आणि उठले. हात धुवायच्या नळापाशी माझ्या चुलतभावाला, सार्थकला, खुर्ची टाकून बसवलं. ज्याचा हात धुवून झाला त्यानं फोन सार्थककडं द्यायचा. सगळ्यांचे फोन आमच्या घरच्या एकाच वायफायला, गुगलला संशय यायला तेवढं पुरे. साळूबाई आजीनं लिहायला लावलं, "ब्लाउज अंगावर छान बसतो," आणि आजी भीमेच्या पुलापलीकडं या जन्मात गेलेली नाही. हौसराव आबांनी एकच स्टार दिला. सार्थक म्हणाला, आबा, पाच द्यायचे असतात. आबा म्हणाले, "पहिला नंबर म्हंजी एकच. मला शिकवू नको." आणि तात्यांचं स्वतःचं, "सदर दुकानाचे कार्य उल्लेखनीय असून पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. माजी सरपंच, न्हावरे." मी बाजूला उभा राहून हसत होतो. मला वाटलं, हे लिंक-बिंक, कीवर्ड-बिवर्ड सगळं झक मारतं, आपल्याकडं भावकी आहे.

आणि सार्थक. त्याला आपलं माहीत होतं, मीच सांगितलेलं. त्यानं सगळ्यात शेवटी स्वतःचं लिहिलं. "वहिनींचं काम एक नंबर. विशूदादाची निवड." मी ते वाचलं. त्याच दिवशी वाचलं. काढ म्हणालो नाही.

का म्हणालो नाही, ते मला लिहिता येईना. दोनदा लिहून खोडलं. मला बरं वाटलं होतं, प्रगती. कुठंतरी लिहिलं गेलं, असं वाटलं.

विश्वजीत


न्हावरे, १९ ऑक्टोबर

प्रगती,

घरात फराळाचा वास, अंगणात पोरं फटाके वाळत घालतायत आणि मी आठवडाभर दारोदार फिरतोय.

एक गोष्ट ध्यानात आली आणि झोप उडाली. सस्पेंड झाल्यावर तुझ्या दुकानावरचे सगळे अभिप्राय झाकले गेले, ते "वहिनी"सुद्धा. पण नोंद परत आली की कधी कधी अभिप्रायही परत येतात. म्हणजे मी तुझं दुकान परत आणायचं आणि त्याच्याबरोबर तो शब्दही परत, ऐन लग्नसराईत, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं. ते ज्यानं लिहिलं त्याच्याच फोनमधून कायमचं काढता येतं. दुसरा उपाय नाही.

सार्थकचं पहिल्यांदा काढलं. तो फुगला. "मी चांगलंच लिहिलं व्हतं की." मी त्याच्या कानाखाली वाजवणार होतो. हात वर गेलाही. मग म्हटलं, ह्यानं लिहिलं, पण ठेवलं मी. हात खाली घेतला.

साळूबाई आजी म्हणाली, "मी काय वंगाळ लिवलं व्हतं त्या पोरीबद्दल? आता काढलं तर तिला वाईट न्हाई का वाटायचं?" हौसराव आबा म्हणाले, पहिला नंबर दिलाय, परत घेणार नाही. त्यांच्या नातवाला धरून काढलं. निम्म्या लोकांना आपला पासवर्ड माहीत नाही, निम्म्यांनी फोनच बदललेला. एका चुलत्याचा फोन उसाच्या फडात, चुलते पाण्यावर. मी चिखलातनं गेलो.

शेवटी तात्या राहिले. ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"तात्या, ती मतं काढून घ्यायचीत."

"कुठली?"

"स्टारची. जावळाच्या दिवशीची."

अडकित्ता थांबला. "लेका, आमची हयात राजकारणात गेली. फिरलेली मतं बघितली, पडलेली बघितली. परत द्यायला आलेला मानूस पयल्यांदा बघतोय. झालं काय?"

सांगितलं. सगळं. दुकान तुझं, तू कोण, सार्थकनं काय लिहिलं, तुझे आप्पा जेवले नाहीत ते.

"कुणाची म्हनला पोरगी?"

"वरवंडची मूळ. धनगराची. वडील रेल्वेत हायेत."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. सुपारी तोंडात टाकली, चघळली. मला वाटलं, आता होतं भांडण, आणि खरं सांगू, मला पाहिजेच होतं. किती दिवस समोर माणूस नव्हता. मी तयारच होतो, जातीवरून एक शब्द निघू दे, की मी घर सोडून जातो बघा, असलं सगळं तोंडापर्यंत आलेलं.

त्यांनी भलतंच विचारलं. "आन् आपुन तिच्या दुकानापायी पंगत उठवतोय, हे तिला ठावं व्हतं का?"

"न्हाई."

"म्हंजी उमेदवाराला न इचारताच अर्ज भरलास तू. आन् मला सूचक केलंस." फोन माझ्याकडं फेकला. "काढ माझं. लई चांगलं लिवलं व्हतं, तरी काढ. बाकीचं मागनं बघू. तुझ्या बापाला मी सांगत न्हाई, तूच सांग, दिवाळी झाल्यावर. सनात नगं."

मी काढलं. उठताना म्हणाले, "कालेज सोडलंस तवाबी कुणाला इचारलं नव्हतंस."

मी फोन त्यांच्या हातात ठेवला.

विश्वजीत


न्हावरे, २४ ऑक्टोबर

प्रगती,

तुझी व्हिडिओ काढायची इच्छा नाही, हे मी धरून चाललो होतो. काल भाऊबिजेला बहिणीच्या गावी जाताना बसमध्ये दुसरंच कळलं. तू व्हिडिओ काढून करणार काय? पाठवायचा माझ्याकडं. टाकायचा मी. सगळं माझ्या हातात. तू ब्लॉक काढल्याशिवाय तुझं दुकान परत येऊ शकत नाही, अशी मी व्यवस्था करून ठेवली होती आणि वर तिला मदत म्हणत होतो.

मी नोंद उघडली तेव्हा माझ्याच मेलवरून उघडली. तू म्हणालीस, माझ्या मेलवर घे. मी म्हणालो, कशाला, सगळं मीच तर बघणार. कागदावर तुझ्या दुकानाचा मालक मी आहे. गुगल तसंच म्हणतं, "मालक". पहिल्या पत्राच्या आधीपासून मला माहीत होतं की एका मिनिटात ते तुझ्या नावावर करता येतं. केलं नाही, कारण बाकी सगळे धागे तू तोडलेस आणि हा एकच तुला तोडता येत नव्हता.

आठवतं, उन्हाळ्यात मी तुला मोठ्या ऐटीत फोन दाखवला होता? बघ, दौंडमध्ये आरी वर्क म्हटलं की पहिलं नाव तुझं. तू गिताबाईंच्या फोनवर बघितलंस, तिथं तुझा पत्ताच नाही. मी दिवसातनं पन्नास वेळा तुझंच दुकान उघडत होतो, म्हणून माझा फोन माझ्या तोंडापुरतं बोलत होता. तू म्हणालीस, "तुझ्या फोनात मी पहिली हाय, अर्ध्या इंजिनेरा. गिऱ्हाइकाच्या न्हाई." आणि मी तेव्हा चिडून बाहेर निघून गेलो होतो. नंतर मी काय केलं? "दौंड आरी वर्क, आरी वर्क दौंड, दौंडमधील आरी वर्क" अशी पानंच्या पानं लिहिली. तू वाचलंस आणि विचारलंस, हे वाचून बाई ब्लाउज शिवायला येईल का देवऋषी शोधंल? त्याच्यावरही चिडलो. तुला पहिली करायची म्हणजे सगळ्यांना तू माझ्यासारखी दिसली पाहिजेस, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आज तुझ्या मेलवर आमंत्रण पाठवलंय. ते स्वीकारलंस की तूही मालक. मग व्हिडिओ तूच टाक, कसा टाकायचा ते मागच्या कागदावर सोपं करून लिहिलंय. माझी गरज नाही. नव्या मालकाला पहिले सात दिवस जुन्याला काढता येत नाही, असा त्यांचा नियम आहे. माझा नाही. आठव्या दिवशी माझ्या नावापुढची तीन टिंबं दाब, तिथं "काढा" येतं.

मी स्वतःहून निघालो असतो, पण मध्येच काही अडलं तर तुला विचारायला कुणी नको का, असं मनात आलं. हेही कदाचित निमित्तच असेल. मला आता माझंच कळत नाही कुठलं निमित्त आणि कुठलं खरं. म्हणून ते तुझ्यावर सोडलं.

आईबापांना आज सांगितलं. आई रडली, बाप गोठ्यात गेला. धारा काढून आला आणि म्हणाला, "त्या पोरीच्या बापाची माफी मागितलीस का?" अजून नाही.

विश्वजीत


न्हावरे, १० नोव्हेंबर

प्रगती,

तू स्वीकारलंस, ते मला गुगलनंच कळवलं. एक ओळ, खाली त्यांची नेहमीची तळटीप. ती ओळ मी बाळासोंच्या फोनच्या मधेच वाचली आणि बाळासोंना म्हणालो, "आज पहिला." ते म्हणाले, "कोण, मी?"

आठवा दिवस उजाडला तेव्हा फोन उघडायची हिंमत होईना. दूध डेअरीला घालून आलो, मग उघडला. मला वाटलं होतं, आत जाताच येणार नाही. गेलो. माझ्या नावापुढं "मालक" नव्हतं. तिथं "मॅनेजर" होतं.

काढलं नाहीस. खाली आणलंस. मी ओट्यावर बसून किती वेळ ते बघत होतो. तात्या येताना म्हणाले, "काय, लागला का निकाल?" म्हटलं, "पडलो, पण डिपॉझिट वाचलं." त्यांना कळलं नसावं. हसले मात्र.

बुधवारी तुझी नोंद परत आली. मी एकेक अभिप्राय तपासला. भावकीतला एकही नाही. सात राहिलेत, सातही तुझ्या खऱ्या गिऱ्हाइक बायकांचे. एकीनं लिहिलंय, वेळेवर देते पण जास्त बोलत नाही. ते खरं आहे.

आता शेवटचं सांगतो. गुगल कितवा नंबर दाखवतं ते शोधणारा कुठं उभा आहे त्यावर असतं. न्हावऱ्यातनं शोधलं तर शिरूरची दुकानं येतात, तू येत नाहीस. हे मी दुसऱ्यांना रोज शिकवतो. काल रविवारी चौफुल्याला गाडी बदलली, दौंडचं तिकीट काढलं आणि प्रत्येक थांब्यावर शोधत गेलो, फोनला माझी ओळख लागू नये अशा कोऱ्या खिडकीत. चौफुल्याला तू नव्हतीस. वरवंडला, तुझ्याच गावात, नववी. माझं डोकं फिरलं, शेजारचा म्हातारा म्हणाला, "मॅच हरली का?" पाटसला परत शोधलं. तिसरी.

पहिली नाहीस. तिसरी. पण ती माझ्या फोनातली नव्हती. पाटसच्या स्टँडवर कुणीही पोरगी उभी राहून शोधत असती तर तिलाही तू तिथंच दिसली असतीस.

मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, "अहो, तिकीट दौंडचं हाय की तुमचं." म्हटलं, हाय, पण बोलावणं नाही. परतीच्या गाडीला वेळ होता. वडापाव खाल्ला, तुझ्या आप्पांना एक पत्र लिहिलं, तिथंच स्टँडवर बसून, चार ओळींचं. त्यात तुझ्याबद्दल काही नाही, फक्त माझ्या घरच्यांकडून काय झालं आणि ते कुणामुळं झालं, एवढं आहे. ते ह्याच पाकिटात घातलंय. उघडंच आहे. द्यायचं का नाही, ते तू वाचून ठरव.

आणि एक विचारायचंय. पुढच्या रविवारी पाटसच्या पुढं येऊ का?

ब्लॉक काढू नकोस त्यासाठी. तुझ्या दुकानाच्या वेळांत रविवारपुढं "बंद" लिहिलंय. नको असेन तर ते तसंच राहू दे, मी समजेन आणि चिडणार नाही. निदान तुझ्यावर नाही. यायला चालत असेल तर रविवारची वेळ टाक, मला इथनं दिसेल.

वेळ बदलायचा अधिकार मॅनेजरलाही असतो, मी बघून घेतलं. मी हात लावणार नाही.

विश्वजीत